‘पार्सल पोहोचवता आलं नाही’ असा मेल आला तर काय करावं

“पत्ता अपुरा असल्यामुळे आपले पार्सल वितरित होऊ शकले नाही. सोबतचे लेबल छापून २४ तासांत आमच्या केंद्रावर दाखवावे, अन्यथा पार्सल परत पाठवले जाईल.” वर नामांकित कुरिअर कंपनीचा लोगो, मधे लांबलचक ट्रॅकिंग नंबर, खाली एक अटॅचमेंट नाहीतर भडक रंगाचं बटण.

हे सोंग जुनंच आहे. २०१३ साली क्रिप्टोलॉकर या खंडणीखोर मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रामने, लोकांच्या फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागायला सुरुवात केली. ते ज्या मेलांमधून पसरलं त्यात कुरिअरच्या नावाने आलेले मेलही होते. पुढच्याच वर्षी टोरेंटलॉकर या तशाच मालवेअरवाल्यांनी टपाल सेवांच्या हुबेहूब नकली वेबसाइटी उभ्या केल्या. तिथे कॅप्चा, म्हणजे ‘तुम्ही माणूसच ना’ हे तपासणारं कोडं, भरला की ‘पार्सलची माहिती’ म्हणून झिप फाइल मिळायची. कॅप्चा मागतेय म्हणजे साइट खरीच असणार, असं वाचणाऱ्याला वाटायचं. मग इमोटेट नावाचं मालवेअर आलं. जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं मोडलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते परत उभं राहिलं. दर वेळी आतला माल बदलला, वेष्टन तेच राहिलं.

वेष्टन तेच राहतं, कारण ते चालतं. एकच मेल लाखो पत्त्यांवर पाठवला की त्यातले कितीतरी जण त्या दिवशी खरोखरच कसल्या तरी पार्सलची वाट पाहत असतात. त्यांना मेल संशयास्पद वाटत नाही, उलट ‘बरं झालं कळवलं’ असं वाटतं. ज्यांनी काही मागवलेलंच नाही, तेही ‘कुणी भेट पाठवली की काय’ म्हणून उघडून बघतात.

असे मेल पुढे पाठवून लोक मला विचारतात, “हा खरा आहे का?” माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: ते ठरवायची गरजच नाही. पार्सल कुठे आहे हे कळायला कुठलीही फाइल उघडावी लागत नाही आणि मेलमधल्या बटणावर क्लिकही करावं लागत नाही. जिथे ऑर्डर दिली त्या ॲपमध्ये किंवा कुरिअरच्या साइटवर तीच माहिती असते. मेल खरा असला तरी असते, खोटा असला तर नसते. खऱ्या-खोट्याचा निवाडा करायला बसलात तर कधी ना कधी चुकाल, कारण समोरचा दिवसभर तेवढंच काम करतो आणि तुम्ही घाईत असता. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या निवाडा कमीत कमी करावा लागेल अशा बेताने मांडल्या आहेत.

पायरी १: मेल येण्याआधी करून ठेवायची कामं

पहिलं काम दोन मिनिटांचं आहे आणि विंडोजवर तेच सगळ्यात उपयोगाचं. फाइलच्या नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग, म्हणजे एक्सटेन्शन, विंडोज मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे ‘शिपमेंट-लेबल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ नावाची फाइल तुम्हाला ‘शिपमेंट-लेबल डॉट पीडीएफ’ अशीच दिसते. वर तिला पीडीएफसारखं लाल-पांढरं चिन्ह चिकटवलेलं असतं. ईएक्सई म्हणजे चालणारा प्रोग्राम, आणि अशा कुठल्याही फाइलला हवं ते चिन्ह देता येतं, त्यामुळे चिन्हावर भरवसा नको. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ वर खूण करा. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या टॅबवरच तो चौकोन सापडेल. आता फाइलींची पूर्ण नावं दिसू लागतील. सुरुवातीला जरा गजबज वाटेल, मग सवय होते.

इथे एक मेख आहे. शॉर्टकट फाइलींचं, म्हणजे एलएनके प्रकाराचं एक्सटेन्शन ही खूण केल्यावरही दिसत नाही. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसतो आणि ‘टाइप’च्या रकान्यात ‘शॉर्टकट’ असं लिहिलेलं असतं, एवढीच ओळख. मेलमधून आलेल्या झिपमध्ये शॉर्टकट निघाला तर तो तुमच्यासाठी कुठल्याही चांगल्या हेतूने ठेवलेला नाही. शॉर्टकटमध्ये एक अख्खी आज्ञा दडवता येते आणि डबल क्लिक केलं की ती चालते.

दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही. जेएस, व्हीबीएस आणि डब्ल्यूएसएफ या स्क्रिप्ट फाइली विंडोजमध्ये डबल क्लिक केल्या की सरळ चालू लागतात. सामान्य माणसाला त्या कधीच चालवाव्या लागत नाहीत. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’ आणि ‘डिफॉल्ट ॲप्स’मध्ये जाऊन या तिन्ही प्रकारांपुढे नोटपॅड निवडून ठेवा. मग चुकून क्लिक झालंच तर समोर निरर्थक अक्षरांनी भरलेलं पान उघडेल आणि विषय तिथेच संपेल. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र हे आपल्या मनाने करू नका, तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.

अपडेटचा विषय सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर, मेलचं ॲप आणि वर्ड-एक्सेलसारखे ऑफिसचे प्रोग्राम आपोआप अपडेट होऊ द्या. मेल नुसता आला म्हणून सहसा काही होत नाही, पण ‘सहसा’ हा शब्द इथे मुद्दाम आहे. मार्च २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमधली एक त्रुटी दुरुस्त केली, तिच्यात मेल उघडण्याचीही गरज नव्हती. अशा वेळी तुमचं शहाणपण कामाला येत नाही, अपडेटच येतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्या आवृत्तीवर अजून असाल तर पुढची सोय आधी बघा.

आणि बॅकअप. महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा, जी काम झालं की काढून ठेवली जाते. सतत जोडलेली डिस्क खंडणीखोर मालवेअरला तुमच्या कॉम्प्युटरचाच एक भाग दिसते आणि तीही कुलूपबंद होते.

पायरी २: मेल आला. हात थांबवा, दुसऱ्या दाराने जा

मेल बंद करा. ब्राउझर किंवा ॲप स्वतः उघडा आणि ज्या दुकानातून मागवलं त्याच्या ‘माय ऑर्डर्स’मध्ये बघा. पत्ता चुकला असेल, पैसे भरायचे राहिले असतील, पार्सल परत गेलं असेल, तर ते तिथे लिहिलेलं असतं.

दुसऱ्या कुणी पाठवलेलं पार्सल असेल तर त्याच्याकडून ट्रॅकिंग नंबर घ्या आणि कुरिअरच्या साइटवर टाका. मेलमधला नंबर उचलून टाकला तरी हरकत नाही, कारण नंबर म्हणजे नुसते आकडे, त्यात लपवायला जागा नसते. साइटचा पत्ता मात्र तुमचा तुम्ही टाइप करायचा. कंपनीचं नाव सर्च करून पहिली ओळ दाबायची सवय असेल तर जपा. वरच्या एक-दोन ओळी बऱ्याचदा जाहिराती असतात, आणि पैसे देऊन नकली साइटचीही जाहिरात करता येते. नेहमीच्या कुरिअर कंपन्यांच्या साइटी एकदाच नीट बघून बुकमार्क करून ठेवल्या की हा प्रश्न मिटतो.

मेलमध्ये फोन नंबर दिला असेल तर तोही वापरू नका. काही टोळ्या मेलमध्ये ना लिंक देतात ना फाइल, फक्त ‘मदतीसाठी फोन करा’ एवढंच लिहितात. असा मेल तपासणीतून सहज सुटतो, कारण त्यात पकडण्यासारखं काहीच नसतं. फोन केला की पलीकडचा गोड आवाज तुमच्या कॉम्प्युटरचा ताबा घेणारं ॲप तुमच्याच हाताने बसवून घेतो.

बहुतेकांचा प्रश्न या पायरीवरच संपायला हवा. पुढचं सगळं आहे ते तरीही मेलकडे बघावंसं वाटलं तर, किंवा कामच असं असेल की रोज पार्सलचे खरे मेल येतात आणि त्यातले वेगळे काढावे लागतात.

पायरी ३: पाठवणारा आणि लिंक वाचायला शिका

पाठवणाऱ्याचं नाव ही मेलमधली सगळ्यात खोटी गोष्ट असू शकते. ‘ग्राहक सेवा, अमुक कुरिअर’ हे नाव पाठवणारा हवं ते टाकू शकतो. नावावर टॅप केलं की खरा पत्ता दिसतो. त्यातला ॲट चिन्हाच्या नंतरचा भाग बघा. तो कुरिअरशी संबंध नसलेल्या कुठल्याशा शाळेचा किंवा हॉटेलचा निघाला, तर त्यांचं मेल खातं चोरीला गेलंय असं समजा. उलट पत्ता बरोबर दिसला म्हणून मेल खराच, असंही नाही.

लिंक वाचणं मात्र नीट शिकण्यासारखं आहे. कॉम्प्युटरवर बटणावर माउस नुसता आणा, क्लिक करू नका. खाली कोपऱ्यात खरा पत्ता दिसेल. मोबाइलवर लिंक दाबून धरली की पत्ता समोर येतो, पण बोट घसरून लिंक उघडण्याची शक्यता तिथे जास्त, म्हणून मी तरी मोबाइलवर ही तपासणी करत नाही. समजा पत्ता असा आहे:

ट्रॅक डॉट अमुककुरिअर डॉट कॉम डॉट पार्सल-अपडेट डॉट टॉप, मग तिरकी रेघ, मग भलीमोठी अक्षरं-आकड्यांची रांग.

डोळा आधी ‘अमुककुरिअर डॉट कॉम’वर जातो आणि मन निश्चिंत होतं. पण पत्ता वाचायचा तो उलट्या बाजूने. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या, त्यानंतरची पहिली एकेरी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे चालत या. आधी ‘टॉप’, मग ‘पार्सल-अपडेट’. साइटचा मालक इथे ठरला: पार्सल-अपडेट डॉट टॉप. त्याच्या आणखी डावीकडे जे काही आहे ते त्या मालकाने आपल्या मर्जीने लिहिलेलं आहे, तिथे तो कुठल्याही कंपनीचं नाव घालू शकतो. काही देशांच्या पत्त्यांमध्ये शेवट दोन तुकड्यांचा असतो, उदाहरणार्थ ‘सीओ डॉट इन’. तिथे आणखी एक तुकडा डावीकडे जायचं, एवढाच फरक.

कुलपाच्या चिन्हाबद्दल जुना सल्ला अजून फिरतो: कुलूप दिसलं म्हणजे साइट सुरक्षित. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला वाचता येणार नाही. साइट चोराची असेल तर बोलणं चोराशीच होतं, फक्त खासगीत. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून गुगलने क्रोममधून पत्त्याशेजारचं कुलूप २०२३ मध्ये काढूनच टाकलं.

मालक ओळखीचा निघाला तरी निश्चिंत होऊ नका. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स अशा नामांकित सेवांवरही कुणीही फाइल ठेवू शकतो आणि मालवेअर पसरवणारे तिथेच ठेवतात. लिंक खरोखर गुगलची असते, फाइल चोराची. कुठलीही कुरिअर कंपनी तुमच्या पार्सलची पावती कुणाच्या तरी खासगी ड्राइव्हवर ठेवत नाही.

व्याकरणाच्या चुका, ‘प्रिय ग्राहक’ अशी कोरडी सुरुवात, वेडावाकडा लोगो या खुणा शोधत बसू नका असं माझं मत आहे. चुका दिसल्या तर मेल खोटा, ठीक. पण चुका नाहीत म्हणून खरा असा उलटा निष्कर्ष आता धोक्याचा आहे. कुठल्याही भाषेत स्वच्छ मजकूर लिहून देणारी साधनं सगळ्यांच्या हाती आहेत, आणि चोरीला गेलेल्या ग्राहक-याद्यांमधून तुमचं नाव, पत्ता, फोन नंबर बरोबर घातलेला मेलही येतो.

पायरी ४: अटॅचमेंट

ट्रॅकिंगच्या मेलला अटॅचमेंट असणं हीच पहिली शंका. दुकानाकडून बिलाची पीडीएफ येते हे खरं, पण तेच बिल तुमच्या ऑर्डरच्या पानावरही असतं, तिथून घ्या.

ईएक्सई, एससीआर, बीएटी, एमएसआय, एचटीए आणि आधी सांगितलेल्या स्क्रिप्ट फाइली हे सगळे चालणारे प्रोग्राम आहेत. पार्सलच्या संदर्भात त्यांना काहीही काम नाही. जीमेलसारख्या सेवा अशा फाइली आत येऊच देत नाहीत, म्हणून त्या आडवाटेने येतात. सगळ्यात लोकप्रिय आडवाट म्हणजे पासवर्ड घातलेली झिप, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिलेला. ‘आपल्या माहितीच्या सुरक्षेसाठी’ असं कारण दिलेलं असतं. जरा विचार करा, चावी पाकिटावरच चिकटवली असेल तर सुरक्षा कुणापासून? तो पासवर्ड असतो मेल तपासणाऱ्या अँटीव्हायरसपासून फाइल लपवायला.

वर्ड आणि एक्सेलच्या फाइलींची कथा वेगळी. त्यांच्यात मॅक्रो नावाचे छोटे प्रोग्राम घालता येतात. कितीतरी वर्षं हा प्रकार असा चालला: फाइल उघडली की अंधुक चित्र दिसायचं आणि वर सूचना, ‘मजकूर स्पष्ट दिसण्यासाठी एनेबल कंटेंट दाबा’. ते दाबलं की मॅक्रो चालायचा आणि इंटरनेटवरून खरा मालवेअर खेचून आणायचा. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद करून टाकले. नव्या आवृत्तीत आता लाल पट्टी दिसते आणि ते बटणच नसतं. जुनी आवृत्ती वापरत असाल तर पिवळी पट्टी अजून येत असेल. तिच्यातलं बटण कुठल्याही पार्सलसाठी दाबू नका, आणि लाल पट्टी घालवायची युक्ती कुणी मेलमध्ये शिकवत असेल तर त्याचा हेतू उघड आहे.

मॅक्रोचं दार बंद झाल्यावर टोळ्या थांबल्या नाहीत. आयएसओ आणि आयएमजी प्रकारच्या डिस्क-फाइली येऊ लागल्या, आत शॉर्टकट. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज एक अदृश्य शिक्का मारतं आणि तो बघून उघडताना इशारा देतं. आयएसओच्या आतल्या फाइलींवर तो शिक्का उमटत नसे, ही पळवाट नोव्हेंबर २०२२ च्या अपडेटने बुजवली. मग २०२३ च्या सुरुवातीला वननोट या मायक्रोसॉफ्टच्या टिपणवहीच्या फाइलींची लाट आली, पानावर मोठं ‘दस्तऐवज पाहा’ बटण आणि बटणाच्या चित्राखाली दडवलेली स्क्रिप्ट. प्रकारांची यादी पाठ करून उपयोग नाही, पुढच्या वर्षी नवा येईल. पीडीएफ आणि साधं चित्र यांखेरीज पार्सलच्या नावाने काहीही आलं तर ते उघडायचं नाही, हा नियम टिकाऊ आहे.

पीडीएफसुद्धा अगदी निर्धोक नाही. हल्लीच्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा धूसर केलेलं बिल आणि त्यावर ‘पाहण्यासाठी क्लिक करा’ एवढंच असतं. तो मेलमधल्या बटणाचाच दुसरा अवतार. पाहायचीच असेल तर डाउनलोड न करता मेलच्या सेवेतल्या प्रिव्ह्यूमध्ये बघा आणि आत काहीही दाबू नका. एचटीएमएल फाइल आली तर तीही नको. ती ब्राउझरमध्ये उघडते, खोटं लॉगिन पान दाखवते किंवा तुमच्याच कॉम्प्युटरवर तुकडे जोडून झिप तयार करते. मेलमध्ये तयार झिप नसल्यामुळे वाटेत ती कुणाला सापडत नाही.

पायरी ५: ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’

२०२४ पासून एक नवी तऱ्हा जोरात आहे आणि ती बघून मी खरंच चकित झालो, इतकी ती उघड आहे. लिंक उघडली की ‘मी रोबो नाही’ असा ओळखीचा चौकोन दिसतो. खूण केली की पुढे तीन सूचना येतात: विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. पहिल्या कृतीने ‘रन’ची खिडकी उघडते. दुसरीने, पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर (कॉपी केलेला मजकूर राहतो तिथे) ठेवलेली आज्ञा तिथे चिकटते. तिसरीने ती चालते. फाइल उतरवली नाही, अटॅचमेंट उघडली नाही, तरी मालवेअर आत, आणि तोही तुमच्याच हाताने. मॅकवर हाच खेळ टर्मिनलमध्ये काहीतरी चिकटवायला सांगून होतो.

खरा कॅप्चा कीबोर्डवरून कॉम्प्युटरला आज्ञा द्यायला कधीच सांगत नाही. पहिली की दाबून झाली असेल तर ‘रन’ची खिडकी एस्केप दाबून बंद करा आणि पान बंद करा, अजून काही बिघडलेलं नसतं.

मोबाइलचं थोडं

अँड्रॉइडवर ‘पार्सल बघण्यासाठी आमचं ॲप घ्या’ म्हणून एपीके फाइल, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल, येते. फ्लूबॉट नावाचं मालवेअर २०२१ मध्ये पार्सलच्या एसएमएसमधून असंच पसरलं. ते फोनमधले संपर्क उचलायचं आणि तसेच एसएमएस पुढे पसरवायचं. मे २०२२ मध्ये पोलिसांनी त्याचं जाळं ताब्यात घेतलं. तंत्र मात्र राहिलं. ब्राउझरला किंवा मेसेजच्या ॲपला ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची परवानगी दिलेली असेल तर ती सेटिंग्जमध्ये जाऊन काढा. कुठल्याही ट्रॅकिंग ॲपने ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली तर नकार द्या. ती मिळाली की ॲप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. आयफोनवर ॲप बसवणं अवघड म्हणून तिथे बहुधा पासवर्ड नाहीतर कार्डाचे आकडे मागणारं पान येतं.

पायरी ६: क्लिक झालंच असेल तर

आधी नेमकं काय झालं ते ठरवा, कारण उपाय त्यावर आहे.

मेल फक्त उघडला असेल तर घाबरू नका. फार तर मेलमधलं चित्र लोड झाल्याने पाठवणाऱ्याला तुमचा पत्ता चालू आहे हे कळलं असेल. फाइल उतरवली पण उघडली नाही, तर ती डिलीट करून रिसायकल बिनही रिकामी करा आणि एकदा पूर्ण स्कॅन चालवा. लिंक उघडून पासवर्ड टाइप केला, तर तो पासवर्ड लगेच बदला, दुहेरी पडताळणी सुरू करा, आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला. कार्डाचे आकडे दिले असतील तर आधी बँक, बाकी सगळं नंतर.

फाइल उघडली किंवा ती आज्ञा चालवली, तर ही खरी घाईची वेळ. काही घडल्यासारखं दिसलं नाही, नुसती एखादी काळी खिडकी चमकून गेली, तरीही. आजकालचं बरंच मालवेअर गुपचूप काम करतं: ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज (पुन्हा पासवर्ड न विचारता साइट तुम्हाला ओळखते त्या खुणा) काही सेकंदांत उचलून पाठवून देतं.

तेव्हा सगळ्यात आधी इंटरनेट तोडा, वायफाय बंद करा, केबल काढा. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर काढा, नसेल तर आत्ता मुळीच जोडू नका. मग दुसऱ्या, न बिघडलेल्या उपकरणावरून पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवर बसून बदललात तर नवे पासवर्डही त्यांच्याच हाती जातील. सुरुवात मेलच्या खात्यापासून करा, कारण बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्यातूनच बदलता येतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ हेही दाबा. चोरलेली कुकी असेल तर पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी दोन्ही ओलांडून आत शिरता येतं, आणि ती कुकी निकामी करायचा उपाय हाच.

यानंतर कॉम्प्युटरकडे वळा. विंडोजमधल्या डिफेंडरमध्ये ऑफलाइन स्कॅनचा पर्याय आहे. तो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज चालू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे मालवेअरला लपायला कमी वाव मिळतो. स्कॅन स्वच्छ आला तरी महत्त्वाचे व्यवहार त्यावर होत असतील तर मी विंडोज नव्याने बसवण्याचाच सल्ला देईन. अर्धा दिवस जातो, पण मनात किंतु राहत नाही.

फाइलींची नावं बदलून त्या उघडेनाशा झाल्या आणि खंडणीची चिठ्ठी दिसली, तर चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. कुलूपबंद फाइलीही पुसू नका. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची साइट सुरू केली. तिथे काही जातींच्या खंडणीखोर मालवेअरसाठी कुलूप उघडणारी साधनं मोफत मिळतात. आज तुमच्या जातीचं नसलं तरी पुढे कधी येऊ शकतं, म्हणून फाइली ठेवायच्या.

ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर इंटरनेट तोडल्यावर पुढचं काहीही स्वतः करू नका, ताबडतोब आयटीला फोन करा. ‘बघू संध्याकाळपर्यंत काही होतंय का’ या संकोचात बाकीच्यांचे कॉम्प्युटरही जातात. स्वतः पुसापुशी केली तर काय घुसलं होतं हे शोधणाऱ्यांच्या हाती काहीच उरत नाही.

पायरी ७: त्या मेलचं काय करायचं

मेलच्या ॲपमध्ये ‘रिपोर्ट फिशिंग’ किंवा ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबा. नुसतं डिलीट करण्यापेक्षा हे बरं, कारण तसलेच बाकीचे मेल अडवायला सेवेला मदत होते. ज्या कंपनीचं नाव वापरलं तिच्या खऱ्या साइटवर बहुधा असे मेल कळवण्यासाठी पत्ता दिलेला असतो, तिथेही पाठवता येतो. ‘अनसबस्क्राइब’ दाबू नका, चिडून उत्तर तर अजिबात देऊ नका. दोन्हींमधून पत्ता चालू असल्याची पावतीच त्यांना मिळते. घरच्यांना सावध करायचं असेल तर मेल फॉरवर्ड करू नका, त्यातली लिंक जिवंत असते आणि तुमच्या नावाने आली म्हणून ते बेधडक दाबतील. स्क्रीनशॉट पाठवा.